कोशिंबिरीतली साखर आणि बाटलीतली साखर

सॅलड म्हटलं की ते तब्येतीला चांगलंच, असं आपण धरून चालतो आणि त्यावर जे ओतलं जातं त्यालाही तो मान फुकटात मिळून जातो. सुपरमार्केटच्या फळीवर स्वीट अँड सावर, हनी मस्टर्ड, थाउजंड आयलंड अशा ड्रेसिंगच्या बाटल्या उभ्या असतात आणि पुष्कळ बाटल्यांवर टवटवीत पानांचं चित्र असतं, आत पान एकही नसलं तरी. दुसऱ्या टोकाला साखर सोडलेली मंडळी आहेत; त्यांना काकडीच्या कोशिंबिरीतली चिमूटभर साखरही खुपते. मला दोन्ही भूमिका पटत नाहीत. कच्चा कोबी, मुळा, गाजर नुसतं चावत बसणं फार थोड्यांना जमतं. आंबट आणि गोड मिळून भाजीचा उग्रपणा झाकतात आणि एरवी दोन फोडींवर थांबणारा माणूस वाटीभर खातो. तेव्हा ड्रेसिंगमध्ये साखर आहे की नाही, एवढंच विचारून फारसं काही कळत नाही. तेवढ्या साखरेच्या बदल्यात भाजी किती पोटात गेली ते बघायला हवं. या हिशेबात कोशिंबीर सहज तरते आणि बाटली बहुतेकदा बुडते.

बाटली परदेशी वळणाची आहे, ही काही तक्रार नव्हे. अडचण तिच्या कामातच आहे. महिनोन्‌महिने टिकायचं तर ती चांगलीच आंबट असावी लागते, कारण व्हिनेगरमधलं आम्ल जंतूंना वाढू देत नाही. एवढं आंबट जिभेला सोसावं म्हणून साखरही हात सैल सोडून घातली जाते. शिवाय मीठ आणि दाटपणासाठी स्टार्च किंवा खाद्य डिंक. आपल्याकडे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी बाटलीचा स्वभाव कळतो. आकडे मात्र जरा जपून वाचावेत. समजा एका ड्रेसिंगमध्ये १०० ग्रॅममागे २० ग्रॅम साखर मिसळलेली आहे. एका वेळचं माप १५ ग्रॅम धरलं तर साखर ३ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या ६ टक्के. दिसायला किरकोळ. पण बाटली दाबून ओतणारा माणूस चमच्याने मोजत नाही. ४५ ग्रॅम सहज पडतं आणि साखर ९ ग्रॅमवर जाते, चहाचे दोन चमचे. त्यातही लेबलवरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून काढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी आणि ५ टक्क्यांखाली आणली तर आणखी बरं. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. त्या मापाने आपले ९ ग्रॅम दिवसाच्या वाट्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग खाऊन बसतात, तेही जेवणातल्या सगळ्यात ‘हेल्दी’ समजल्या जाणाऱ्या पदार्थातून. आणि मध घातला म्हणून सूट मिळत नाही. संघटनेच्या व्याख्येत मधातली साखरही मोजली जाते.

यावर ‘फॅट-फ्री’ ड्रेसिंगचा उपाय सुचवला जातो. तेल काढलं की कॅलरी उतरतात हे खरं, पण सोबत भाजीचा गुणही उतरतो. गाजर, टोमॅटो, पालक यांतली कॅरोटिनॉइड द्रव्यं स्निग्ध पदार्थाशिवाय अंगी लागत नाहीत. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये हे तपासलं. तेच सॅलड बिनतेलाच्या, थोड्या तेलाच्या आणि २८ ग्रॅम तेलाच्या ड्रेसिंगसोबत दिलं, तेव्हा बिनतेलाच्या वेळी कॅरोटिनॉइडचं शोषण जवळजवळ झालंच नाही. खाणारे जेमतेम सातजण होते, त्यामुळे या प्रयोगावर सगळा भार टाकू नये. पण २०१२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या मोठ्या प्रयोगानेही स्निग्धाची गरज दाखवली आणि एकल-असंतृप्त प्रकारचं तेल असेल तर अवघे ३ ग्रॅमही बरंच काम करतात, असं त्यात दिसलं. शेंगदाण्याच्या तेलात याच प्रकाराचा वाटा मोठा असतो.

आता खमंग काकडीकडे बघा. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, साखर, वर हिंग-मिरचीची फोडणी. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल आणि पाव भाग प्रथिनं असतात, म्हणजे माणशी चमचाभर कूट आणि फोडणी मिळून स्निग्धाची सोय झाली. दाटपणाही कुटाचाच, डिंकाची गरज नाही. चौघांच्या कोशिंबिरीत चहाचा एक चमचा साखर पडली तरी माणशी जेमतेम सव्वा ग्रॅम येते. आणि तेच लिंबू मोड आलेल्या मटकीवर पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व मटकीतलं लोह शोषायला मदत करतं.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे, विशेषतः सकाळी सातला डबे भरणाऱ्या घरात. पण आंबटगोड ड्रेसिंग घरात करून ठेवायला पाच मिनिटं पुरतात. मोहरीची पूड आधी थोड्या पाण्यात फेसायची, ठसका नाकात जाईपर्यंत. लिंबू त्यानंतरच, कारण आंबट आधी पडलं तर मोहरीचा झणका चढत नाही. मग मीठ, किसलेला गूळ आणि शेवटी तेल घालून बरणी हलवायची. मोहरीमुळे तेल आणि रस बराच वेळ एकजीव राहतात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस हे चालतं. उकडलेलं बीट, मक्याचे दाणे, कोबीची पचडी, पोळीच्या रोलमधला कांदा, कशावरही चमचाभर पुरतं. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून ते औषध होत नाही, हेही सांगायला हवं. गूळ बव्हंशी साखरच आहे आणि एवढ्याशा गुळातून मिळणारं लोह नगण्य. चवीला आवडतो म्हणून घालावा.

कोशिंबिरीची बाजू घेताना आपल्या ताटाकडे काणाडोळा करून चालणार नाही. तिची जागा डावीकडे, लोणच्या-चटणीच्या शेजारी, आणि माप चमचाभर. फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डाव्या बाजूच्या त्या चमच्याने तिथवर पोहोचणं शक्य नाही. साखर-कूट तेवढंच ठेवून काकडी दुप्पट केली, तर हिशेब आणखी सुधारतो आणि चवही फारशी बिघडत नाही. दुसरी खोड काकडी-मुळ्याला मीठ लावून पाणी पिळून टाकण्याची. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम आणि क जीवनसत्त्वाचा काही भाग मोरीत जातो. मीठ ऐन वाढताना घातलं तर पिळायची वेळच येत नाही. पिळलंच, तर थालीपिठाची भाजणी त्या पाण्यात भिजवावी; मीठ आधीच उतरलेलं असतं, तेवढं वरून कमी घालावं.