म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. नेहमीची एखादी उपासिका दिसेनाशी झाली की ते लगेच लक्षात येते. चौकशी केली तर बरेचदा एकच उत्तर मिळते : सासू अंथरुणाला खिळली आहे, तिला एकटे टाकून येता येत नाही. वाचन पुढे सुरू होते. याच दिवसांत १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन येतो. ज्येष्ठांचे सत्कार होतात, घरच्या सुनेचे, लेकीचे कौतुकही होते. कौतुकापलीकडे तिच्या हाती काय पडते, हा आमचा प्रश्न आहे.

शासनाच्या योजना पाहू. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांची सोय झाली. या योजना हव्यातच. पण आयुष्मानचा आधार मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांपुरता आहे. लकवा झालेला माणूस घरी आला की डायपर, पाण्याची गादी, रात्री दोनदा कूस बदलणे हे सारे घरच्यांवर येते. त्यांच्यासाठी यांपैकी एकाही योजनेत रकाना नाही.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदाही तसाच आहे. वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. म्हणजे सोडून देणाऱ्याला शिक्षा आहे. न सोडणारीसाठी काही नाही.

हा भार कुणाच्या खांद्यावर आहे? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. यात मुलांची देखभालही आली. आपल्या वस्त्यांत धुणीभांडी, सफाई, बिगारी करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. पूर्णवेळ आया ठेवणे तिला परवडत नाही. मग ती काम सोडते, आणि घर आणखी मागे जाते.

अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले, ही कथा आपण वाचतो. महावग्गातला तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. मृत भिक्खूच्या वस्तूंवर हक्क संघाचा. तरीही त्याचे चीवर आणि भिक्षापात्र शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, अशी अनुमती तथागतांनी दिली. सेवेला पुण्य म्हणून ते थांबले नाहीत. सेवा करणाऱ्याच्या हाती काही पडावे, याचीही व्यवस्था त्यांनी केली.

बाबासाहेबांची भूमिकाही याच वाटेची होती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्रीला या काळात विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. घरातल्या कष्टाची जबाबदारी समाजाची असते, हा त्यामागचा विचार होता. तो वृद्धांच्या देखभालीलाही लागू पडतो.

हे अशक्य नाही. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजीच; पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे. तिथे २००८ च्या उपशामक उपचार धोरणानंतर पंचायतींमार्फत परिचारिका घरी जाऊ लागल्या. त्यांच्या जोडीला गावातले स्वयंसेवक असतात. महाराष्ट्राने निदान एवढी मागणी तरी मान्य करावी.

तोवर विहार समित्या हातावर हात ठेवून बसणार का? वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची यादी महिला मंडळ आठवडाभरात करू शकते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च थोडा कमी केला तर वॉकर, कमोड खुर्ची, पाण्याची गादी विहारात ठेवता येईल. गरजूने न्यावे, काम झाले की परत करावे. सुशिक्षित तरुणांनी योजनांचे अर्ज भरून द्यावेत, १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत हेल्पलाइन क्रमांक घराघरांत लिहून द्यावा. आपल्या समाजात परिचारिका आणि आशाताई कमी नाहीत. बेडसोअर कसे टाळायचे, माणूस कसा उचलायचा, हे त्या एका रविवारी शिकवू शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, आठवड्यातून तीन तास कुणीतरी त्या घरी जाऊन बसावे. त्यात पुरुषांचीही पाळी असावी.

त्या तीन तासांत ती झोपेल, दवाखान्यात जाईल किंवा विहारात येईल. काय करायचे ते तिने ठरवावे. येत्या वर्षावासात वाचनाला कोण आले नाही हे पाहून थांबू नका. त्या घरी आज कोण जाणार, हे विहारातून उठण्याआधी ठरवा.