कर्ता अध्याहृत

कोणत्याही मराठी घरातल्या फडताळातली भांडी खाली काढून पाहावीत. तांब्यावर, ताटावर, पातेल्याच्या काठावर नाव घातलेले असते. कुणाच्या लग्नात मामाने दिलेले, कुणाच्या बारशाला आत्याने आणलेले, आणि खाली तारीख. देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते. तांब्या ठोकून घडवणाऱ्या तांबटाचे तेवढे नसते. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव, एस.टी. स्थानकाच्या बाकावर कोणा कैलासवासी गृहस्थाचे, इमारतीच्या कोनशिलेवर उद्‌घाटकाचे. पायरी घडवणारा, बाक करणारा, भिंत उभी करणारा कुठेच नाही. व्याकरणाच्या तासाला आपण 'अध्याहृत कर्ता' शिकतो. तो वाक्यात शब्दाने येत नाही, पण त्याच्यावाचून क्रिया घडत नाही. आपल्या भोवतालच्या बहुतेक वस्तू अशाच अध्याहृत कर्त्याच्या आहेत.

त्यातल्या त्यात सुताराची गोष्ट मला अधिक खटकते. पाळण्यापासून देव्हाऱ्यापर्यंत आणि पाटापासून दारापर्यंत माणसाचे आयुष्य त्याच्या कामावर टेकलेले असते. आजच्या घरात पाहा. प्लायवूडवर कंपनीचा शिक्का असतो, बिजागरीवर कंपनीचे नाव असते, कुलपावर असते. जो माणूस महिनाभर आपल्याच घरात भुशात बसून या साऱ्यांचे कपाट करतो, तो मात्र 'सुतार'. घरधन्याच्या मोबाइलमध्येही त्याचा नंबर बहुधा 'सुतार' याच नावाने असतो. माझे म्हणणे साधे आहे. हाताने केलेल्या लाकडी वस्तूवर करणाराने आपले नाव आणि तारीख घालावी. काम निर्दोष झाले असेल तेव्हाच नव्हे, तर त्यात जी चूक राहिली असेल तिच्यासकट घालावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आपली परंपरा निनावी आहे, आपल्या कलावंतांनी स्वतःला विसरून कला निर्माण केली, नाव कोरणे ही पाश्चात्त्यांची हौस, असे अनेक जण म्हणतात. हे ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी याने हे दार केले, असा त्याचा आशय. सामीचा धंदाही लेखात दिला आहे. 'वढकी', म्हणजे सुतार! कोंडाण्याच्या लेण्यात एका मूर्तीजवळ कान्हाचा शिष्य बालक याने हे केले, असे कोरले आहे. म्हणजे शिष्याने स्वतःबरोबर गुरूचेही नाव राखले. पितळखोऱ्याला सापडलेल्या, आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख आहे. सह्याद्रीच्या कातळात कारागिरांची नावे कोरलेली असताना निनावीपणाला आपली परंपरा म्हणणे, म्हणजे नंतरच्या काळात जी गोष्ट हरवली तिलाच मोठेपणा देणे होय.

मग ती का हरवली? एक कारण गावगाड्यात सापडते. बारा बलुतेदारांतला सुतार नांगर, कुळव, पाभर, गाडी करी आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपले बलुते नेई. नांगराचे रुमणे निखळले की कुणाच्या दारात जायचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. करणारा आणि वापरणारा एकाच वेशीच्या आत राहत, तेव्हा नांगरावर नाव घालण्याची गरज नव्हती. पण दुसरे कारण इतके निरुपद्रवी नाही. ज्यांच्या हातात पटाशी होती त्यांच्या हातात लेखणी येऊ दिली गेली नाही. आमच्या घरात सुतारकाम चालत आले आहे. माझे आजोबा मापात सुताचाही फरक पडू देत नसत, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच आजोबांना सरकारी कागदावर अंगठा उठवावा लागे. अशा माणसाला 'आपण सही का केली नाही?' असे विचारून त्याच्या निनावीपणाचे कौतुक करणे ही क्रूर थट्टा आहे. निनावीपणा हा गुण ठरायचा, तर आधी नाव लिहिण्याची मुभा असावी लागते. आता गावाची वेस मोडली आहे, सुताराची मुलेही शाळेत गेली आहेत. दोन्ही कारणे उरलेली नसताना सवय तेवढी शिल्लक आहे.

आता चुकांविषयी. लाकूड हे निर्जीव मानले जात असले तरी वागते जिवंतासारखे. पावसाळ्यात ते ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. हे फुगणे-आक्रसणे रेषांना आडवे होते. रेषांच्या दिशेने लांबी जवळजवळ तेवढीच राहते. वैशाखात चौकटीत नेमके बसवलेले दार आषाढात अडते. आषाढात रंधा मारून ते मोकळे करावे, तर पुढच्या उन्हाळ्यात फट दिसते. म्हणून जाणता सुतार रुंद फळी चारही बाजूंनी सरसाने जखडून टाकत नाही. खाचेत तिला हलायला जागा ठेवतो. हे पाहिले की तारखेचे महत्त्व निराळेच वाटू लागते. वस्तूवरची तारीख केवळ इतिहासासाठी नसते. दुरुस्तीला बसलेल्या पुढच्या सुताराला ती सांगते की हे काम कोरड्या दिवसांतले की ओल्या दिवसांतले, आणि दारावर रंधा मारायचा की चार महिने थांबायचे. तारीख नसेल तर जी चूक नव्हतीच ती दुरुस्त केली जाते, आणि त्यातून खरी चूक जन्माला येते.

चुका एका जातीच्या नसतात. काही लाकडाच्या असतात. गाठ निघते, फळी पिळते, तडा जातो. काही डोळ्यांना खुपणाऱ्या असतात. पटाशी निसटून ओरखडा पडतो, दोन खणांच्या मुठी एका ओळीत येत नाहीत. आणि काही वापराच्या मुळावर येतात. कुसू खाचेत ढिले बसते, पायाचा सांधा हलतो. पहिली सांभाळून घ्यावी, दुसरी मान्य करावी, तिसरी मात्र उलगडून पुन्हा करावी, असा साधा न्याय आहे. प्रत्यक्षात तिन्हींवर एकच इलाज होतो. भुसा आणि सरस कालवून फट बुजवायची, वर लांबी भरायची, घासायची आणि पॉलिशचा हात फिरवायचा. बुजवलेला ओरखडा कुणाचे नुकसान करीत नाही. पण बुजवलेला ढिला सांधा दोन वर्षांनी खुर्चीवर बसलेल्या माणसाला खाली पाडतो. तोवर कारागीर कुठे आहे हे सांगणारी एकही खूण खुर्चीवर नसते.

काही देशांत कारागीर मुद्दाम एक उणीव ठेवतात, कारण परिपूर्ण निर्मिती फक्त देवाची, अशी गोष्ट सांगितली जाते. आपण बाळाच्या गालाला तीट लावतो, तसलाच हा प्रकार. कल्पना गोड आहे. पण रोजंदारीवरच्या सुताराला मुद्दाम चूक करण्याची चैन परवडत नाही, आणि तशी गरजही पडत नाही. लाकूड ती तजवीज स्वतःच करते.

चूक आणि सही यांचे नाते फार पूर्वी एका लेखकाने ओळखले होते. इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ग्रीक कलावंतांची एक रीत सांगितली आहे. ते आपल्या कृतीवर 'अमक्याने केले' असे न लिहिता 'अमका करीत होता' अशा अर्थाचे अपूर्ण भूतकाळी क्रियापद लिहीत. म्हणजे काम संपले असा दावा नाही. दोष आढळला तर अजून सुधारणा चालू होती असे समजावे. या क्रियापदाचे लॅटिन रूप पुढे इटलीतल्या क्रेमोना गावच्या अंतोनियो स्ट्रादिवारीने आपल्या व्हायोलिनांत चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर छापले. १७३७ मध्ये वारलेला हा लाकडातला थोर कारागीर. त्याच्या चिठ्ठीवर नाव, गाव आणि वर्ष असे. अखेरच्या काळातल्या काही चिठ्ठ्यांवर नव्वदी ओलांडल्यानंतरचे आपले वयही त्याने नोंदवले आहे. एवढ्या थोर माणसानेही 'करीत होता' हेच रूप चालवावे, ही गोष्ट व्याकरणाच्या विद्यार्थ्यालासुद्धा विचार करायला लावणारी आहे. सही म्हणजे बढाईच असते असे नाही. 'माझ्या हातून इतके झाले' असा तो नम्र जबाबही असू शकतो.

तो जबाब असतो म्हणूनच एका शहराने तो सक्तीचा केला. पॅरिसच्या सुतारसंघाने अठराव्या शतकाच्या मध्याला असा नियम केला की प्रत्येक उस्तादाने आपल्या सामानावर नावाचा शिक्का मारावा. संघाचे पंच काम तपासत आणि पसंत पडले तर संघाचाही शिक्का उठवत. हा शिक्का सहसा दर्शनी भागावर नसे. खाली, मागे, पाहुण्याला न दिसेल अशा जागी असे. पुढे १७९१ मध्ये राज्यक्रांतीच्या काळात हे संघच बंद झाले. संघांची मक्तेदारी गेली ते योग्यच झाले. पण चूक कुणाची हे विचारायला एक पत्ता असावा, ही त्यातली गोष्ट शहाणपणाची होती.

कुणी म्हणेल, नावे खोटीही घालता येतात. खरे आहे. स्ट्रादिवारीच्या नावाच्या चिठ्ठ्या पुढे कारखान्यांतल्या हजारो व्हायोलिनांत चिकटवल्या गेल्या. पण खोटी नाणी पाडली जातात म्हणून कुणी नाणी वापरायचे सोडत नाही. नकली सही होते याचाच अर्थ खऱ्या सहीला किंमत असते.

अलीकडे आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा बोलबाला आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला ते मिळाले. पिढ्यानुपिढ्या तुंबा आणि लाकूड जोडून सूर घडवणाऱ्या त्या गावाचा हा मान योग्यच आहे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की मानांकन गावाला आणि कलेला मिळते, माणसाला नव्हे. गावाच्या नावाने वस्तू ओळखली गेली तरी ती कोणत्या हाताने केली हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर त्या वस्तूवरच असले पाहिजे.

पण सारा भार सुतारावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो चूक लपवतो, कारण सांगितली तर आपण पैसे कापतो. ओरखडा दाखवणाऱ्या प्रामाणिक कारागिराची आपण मजुरी तोडतो आणि लांबी भरून देणाऱ्याला 'सफाईदार काम' म्हणून शाबासकी देतो. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत सामानाची नजरेला सवय लागली, की हाताच्या कामातला केसाएवढा फरकही गुन्हा वाटू लागतो. वापराला बाधा न आणणारी चूक दाखवणाऱ्याचे पैसे कापायचे नाहीत, एवढे गिऱ्हाइकांनी ठरवले तरी निम्मा प्रश्न सुटेल. ज्याला चूक कबूल करता येते तोच निर्भयपणे सही करतो.

शेवटी आपल्या वर्गांकडे पाहू. आपल्या बाकांवर कर्कटकाने कोरलेली कितीतरी नावे आहेत, वर्षांसह, काही ठिकाणी बदामासह. ज्यांनी त्या बाकाला केवळ इजा केली त्यांची नावे वर आहेत. ज्याने तो केला त्याचे नाव वरही नाही आणि खालीही नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. यापुढे कॉलेजसाठी बाक, टेबल, ग्रंथालयाची कपाटे जेव्हा करून घेतली जातील, तेव्हा फळीच्या खालच्या बाजूला करणाराकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : नाव, गाव आणि महिना-वर्ष. एखादा सांधा मनासारखा बसला नसेल तर तेही त्याने खुशाल लिहावे, आणि त्याबद्दल त्याचा एक रुपयाही कापला जाऊ नये. पुढे कधी बाक हलू लागला, तर तो उलटा करणाऱ्या माणसाला कुणाला विचारायचे हे कळेल. आणि पन्नास वर्षे हलला नाही, तर कुणाचे आभार मानायचे हेही कळेल. या योजनेला खर्च फक्त एका पेन्सिलीचा आहे, आणि ती सुताराच्या कानावर असतेच.