मुरूम गेला, पाणी गेले

दख्खनच्या कातळात पाणी साठायला जागा थोडी. बेसॉल्टच्या एकसंध थरातून पाणी खाली उतरत नाही. ते मुरते कातळावरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, खडकाच्या भेगांत, आणि नदीच्या पात्रातील व काठावरील वाळूत, गाळात. खेड, मावळ आणि हवेली तालुक्यांतील विहिरींना पाणी येते ते याच साठ्यांतून. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील बांधकामालाही नेमका हाच माल लागतो. कारखान्याचा भूखंड सपाट करायला मुरूम, काँक्रीटला वाळू, रस्त्याला खडी. शासनाच्या हिशेबात हा माल ब्रासावर मोजून विकायची वस्तू आहे. त्यात साठणाऱ्या पाण्याची किंमत त्या हिशेबात धरली जात नाही, आणि ती धरायला लावण्याचे काम आजवर नागरिकांनाच करावे लागले आहे.

हिशेब अवघड नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. पाण्याने भरलेली वाळू आपल्या आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके पाणी विहिरीला सोडते. ब्रासामागे हे पाणी साडेपाचशे लिटरच्या घरात जाते, आणि वाळू जागेवर राहिली तर हा साठा दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. २०२३च्या वाळू धोरणात राज्य शासनाने ग्राहकाला वाळू ६०० रुपये ब्रासने देऊ केली. त्या ६०० रुपयांत वर्षानुवर्षे मिळणारे हे पाणीही विकले गेले. वाळू गेलेल्या पात्रात पाणी थांबत नाही, काठची पातळी खाली जाते आणि गावाच्या नळपाणी योजनेची उद्भव विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते. मग टँकर येतो. त्याचे पैसे ग्रामपंचायत किंवा ग्रामस्थ भरतात. वाळू नेणारा भरत नाही.

या पट्ट्यात नदीचे पात्र हीच पाण्याची वाहिनी आहे, हे विसरून चालणार नाही. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पिंपरी-चिंचवड महापालिका ते उचलते. आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून निघोजेपर्यंत येते. २०११च्या जनगणनेत सव्वासतरा लाख लोकसंख्या असलेले हे शहर त्यानंतरही वाढतच राहिले आणि नोव्हेंबर २०१९पासून तिथे दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. ज्या पात्रातून शहराचे पिण्याचे पाणी येते, त्याच पात्राच्या काठावर पोकलेन आणि हायवा फिरू देणे हा शहराने स्वतःच्या घशाशी केलेला खेळ आहे.

पाण्यासाठी या भागाने मोठी किंमत मोजली आहे. पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. योजना स्थगित झाली. ती स्थगिती २०२३मध्ये उठवली गेली. भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांनीही पुनर्वसनाच्या हक्कासाठी जलवाहिनीचे काम वेळोवेळी रोखले. हे संघर्ष धरणातले पाणी कोणाला किती, यावरचे आहेत. जमिनीत पाणी धरून ठेवणारा थर डंपरमध्ये भरून जातो, त्यावर एवढा मोठा उठाव अजून झालेला नाही. धरण डोळ्यांना दिसते, मुरमातले पाणी दिसत नाही, हे त्याचे मुख्य कारण असावे.

वाळूच्या बाबतीत मात्र नागरिकांनी शासनाला हलवले आहे. २००४मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर बेकायदा उपसा रोखायला गेलेल्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या आवाज फाउंडेशनने २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि सप्टेंबर २०१०मध्ये न्यायालयाने राज्यातील वाळूउपशाला स्थगिती दिली. नव्या नियमांचा आग्रह तिथून सुरू झाला. २७ फेब्रुवारी २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. तोवर वाळूघाटाचे लहान तुकडे पाडले की मंजुरी टळत असे. ऑगस्ट २०२५मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पळवाट बंद केली : उपसलेली वाळू नदी किती भरून काढते, याचा अभ्यास नसलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाच्या आधारे मंजुरी देता येणार नाही.

निकाल आहेत, कायदेही आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. वाळूतस्करांना ‘एमपीडीए’ या प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध करता येते. इंदापूर-दौंडच्या भीमा पात्रात महसूल पथके यांत्रिक बोटी पकडतात आणि जिलेटिन लावून उडवतात. त्याची छायाचित्रे छापून येतात आणि काही दिवसांनी बोटी पुन्हा पाण्यात दिसतात. दंडाची रक्कम तिजोरीत जमा होते, नदीला मात्र त्यातून काही मिळत नाही. शिवाय तक्रार करणाऱ्याचे नाव गावात सर्वांना कळते. तळेगाव दाभाडे येथे जानेवारी २०१०मध्ये जमीन गैरव्यवहार उघड करणाऱ्या माहिती अधिकार कार्यकर्त्याची हत्या झाली, हे या भागातील कोणीही विसरलेले नाही. तक्रारदाराला संरक्षण नसेल, तर कायद्यातील पाचपट दंडाचा धाक कोणालाच वाटणार नाही.

नदीवरचा ताण कमी व्हावा म्हणून राज्याने २०२५मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले. दिशा बरोबर आहे. पण कृत्रिम वाळू दगडाची होते आणि दगड डोंगराचा असतो. मोशीच्या दगडखाणी औद्योगिक पट्ट्याच्या अगदी कुशीत आहेत. डोंगर हे ओढ्यांचे उगमस्थान आणि गावाच्या विहिरींचे पाणलोट. खाण भूजल पातळीच्या खाली गेली की भोवतालचे पाणी तिच्याकडे ओढले जाते आणि पंप लावून बाहेर फेकले जाते. खड्ड्यात पाणी साठेल, हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. उघड्या खड्ड्यातले पाणी उन्हाने उडते आणि बेवारस खड्ड्यात कचरा येऊन पडतो. असा खड्डा मुरमाच्या थराची जागा घेऊ शकत नाही. नदी वाचवताना डोंगर संपवला, तर पाण्याचे नुकसान तेवढेच राहते.

सरकारवरचा दबाव सैल पडला की काय होते, याचे उदाहरण मध्य अमेरिकेत आहे. लेम्पा नदीच्या पाण्यासाठी दीर्घकाळ लढलेल्या नागरिकांमुळे एल साल्वादोरने मार्च २०१७मध्ये धातूंच्या सर्व खाणकामावर बंदी घातली. जगात असे करणारा तो पहिला देश. डिसेंबर २०२४मध्ये तिथल्याच संसदेने ती बंदी उठवली. उलट, दबाव टिकला तर काय होते, ते पिंपरी-चिंचवडमधील चिखलीत दिसले. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील बंगल्यांविरुद्ध एका नागरिकाने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने जुलै २०२४मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला, मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि त्याच महिन्यात महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. बंगले उभे राहत असताना यंत्रणेने डोळे उघडले असते, तर ते विकत घेणाऱ्या कुटुंबांचीही फरफट टळली असती. हरित लवादाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. त्याची वाट नागरिकांना ठाऊक झाली आहे. नागरिक तिथे जाईपर्यंत जिल्हा प्रशासनाने थांबू नये.

जिल्हाधिकाऱ्यांनी मुरूम आणि दगडाच्या प्रत्येक परवान्यासोबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अभिप्राय जोडावा आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. पिण्याच्या पाण्याच्या उद्भव विहिरीलगतच्या पात्रात कुठल्याही कारणाने उपशाची परवानगी देऊ नये. महापालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ हे या पट्ट्यातील बांधकामाचे मोठे ग्राहक आहेत. मालाच्या वाहतूक परवान्याशिवाय त्यांनी ठेकेदाराचे एकही देयक काढू नये. मोशीतल्या बांधकाम राडारोडा प्रक्रिया केंद्रातील माल भरावासाठी सक्तीने वापरावा, म्हणजे तेवढा मुरूम डोंगरावर राहील. चाकणच्या कारखान्यांनीही आपल्या भूखंडाखाली कोणत्या गावचा मुरूम पडतो आहे, हे ठेकेदाराला विचारावे. आणि ग्रामसभांनी येत्या लिलावाआधी आपल्या शिवारातील विहिरींची पातळी स्वतः मोजून ठरावासोबत जोडावी. तहसील कार्यालयाला तो आकडा नोंदवून घ्यावाच लागेल.