पेवातली ज्वारीही श्वास घेते

पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. दोरीला कंदील बांधून आधी तो खाली सोडतो. कंदील विझला, तर कोणी आत पाय टाकत नाही. हे असे का, ते आज पाहू.

ज्वारीचा दाणा दिसायला निर्जीव. पण पेरला की उगवतो, म्हणजे त्यात जीव आहेच. जगायला शक्ती लागते, ती तो आपल्याच पोटातल्या पिठातून काढतो. पिठाची साखर होते आणि हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने ती हळूहळू 'जळते'. चुलीतल्या लाकडासारखीच, फक्त जाळ दिसत नाही. त्यातून ऊब, पाणी आणि कर्बवायू बाहेर पडतो. धान्य ओलसर असेल तर हे काम फार जोरात चालते. मग पोत्यात हात घातला की गरम लागते.

हवेच्या १०० भागांत प्राणवायू असतो सुमारे २१ भाग. बंद पेवात तो संपत जातो आणि कर्बवायू साचतो. किडेही त्यात गुदमरतात, म्हणून तर पेवातले धान्य टिकते! प्राणवायू संपला की ओलसर दाणा साखर अर्धवटच मोडतो आणि दारूसारखा आंबूस वास येतो. साखरेच्या एका कणातून प्राणवायू असताना पेशीला शक्तीची सुमारे ३० नाणी मिळतात असे धरा. नसताना मिळतात अवघी २. हवा नसली की यीस्ट जास्त साखर फस्त करते, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखवले, ते यामुळेच.

उसाची मोळी उचलताना आपले स्नायूही थोडा वेळ असे उधारीवर चालतात. मेंदूला मात्र उधारी चालत नाही. पेवात दोन-चार श्वासांतच शुद्ध जाते, ओरडायलाही सवड मिळत नाही. चार-पाच मिनिटांत मेंदू निकामी होऊ लागतो. वरचा भाऊ घाबरून उडी घेतो आणि एका घरातले दोघे जातात.

कर्बवायू हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. म्हणून नुसते तोंड उघडून भागत नाही. पंख्याने आत ताजी हवा सोडा. कंदील जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधा आणि वर दोन धडधाकट माणसे उभी करा. तो पडलाच, तर दोर ओढा, मागोमाग उतरू नका. गोबरगॅसच्या खड्ड्यात मात्र कंदील मुळीच सोडू नका. तिथला वायू पेट घेतो.