तंत्रलेखांची उचलेगिरी

दुसऱ्याने कष्टाने लिहिलेला मजकूर उचलावा, त्यावरील नाव पुसावे आणि तो आपल्या दुकानात मांडून पैसे मिळवावेत, हा उद्योग मराठी वाचकाला अपरिचित नाही. परीक्षेच्या तोंडावर निघणाऱ्या कित्येक मार्गदर्शिकांचा संसार याच भांडवलावर चालत आला आहे. संगणकक्षेत्रात या उद्योगाला आता मोठे कुरण सापडले आहे. डेटाबेस, म्हणजे संगणकात शिस्तीने रचलेली नोंदींची कोठारे, कशी उभारावीत, मंदावली तर कशी हलती करावीत आणि मोडली तर कशी सावरावीत, यासंबंधी त्या क्षेत्रातील जाणकार आपल्या संकेतस्थळांवर लेख लिहितात. ते बहुधा विनामूल्य वाचावयास मिळतात. काही संकेतस्थळे हे लेख परवानगीवाचून जसेच्या तसे उचलतात, सभोवती जाहिराती लावतात आणि लेखकाचे नाव एक तर गाळतात, नाहीतर तळाशी बारीक अक्षरांत टाकून मोकळी होतात. पुष्कळदा ही उचल माणूस करीतही नाही. त्यासाठी लिहिलेला प्रोग्रामच करतो. चोराला वाचण्याचेही कष्ट नकोत, ही यातील प्रगती म्हणावयाची.

हा मूठभर तज्ज्ञांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे एखाद्या शिक्षकाला वा कारकुनाला वाटणे शक्य आहे. परंतु बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, विद्यापीठाचा निकाल, शेताचा सातबारा हे सारे आज कोणत्या ना कोणत्या डेटाबेसमध्येच नांदते. त्याची देखभाल करणारा माणूस अडला, म्हणजे तीच अडचण ज्याने आधी सोसली आहे अशाचा लेख शोधतो. आज्ञा कशी लिहावी हे कंपनीच्या हस्तपुस्तकात असते. ती भलत्या वेळी दिली तर काय ओढवते, हे अनुभवीच सांगू शकतो. असा लेख लिहिण्यापूर्वी प्रयोग मांडावा लागतो, निरनिराळ्या आवृत्त्यांवर तो करून पाहावा लागतो, वेळा मोजाव्या लागतात. हे लिहिणारे पुष्कळजण नोकरी सांभाळून लिहितात. मोबदला म्हणून त्यांना मिळते ते नाव. त्या नावावर पुढची नोकरी, एखाद्या परिषदेचे निमंत्रण, क्वचित पुस्तकाचा करार. तेव्हा नाव गाळणे म्हणजे मजुरी बुडवणे होय.

लेख फुकटच आहे, मग चोरी कसली, हा युक्तिवाद फार काळ टिकणारा नाही. सार्वजनिक वाचनालयात पुस्तक फुकट वाचता येते, म्हणून ते छापून विकण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. दुसरा युक्तिवाद अधिक मानभावी आहे. ज्ञान सर्वांचे असते, त्यावर कुंपण घालू नये, असे म्हटले जाते. हे खरे आहे, आणि डेटाबेसच्याच इतिहासात त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९७० साली आयबीएममधील ई. एफ. कॉड यांनी नोंदी परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची कल्पना एका निबंधाद्वारे जाहीर केली. त्या कल्पनेवर आयबीएमच्याच प्रयोगशाळेत संशोधन झाले आणि तेही प्रसिद्ध झाले. लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निबंध वाचले, १९७७ साली कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल हा डेटाबेस विक्रीस आणला. या पद्धतीचे आयबीएमचे स्वतःचे उत्पादन बाजारात यायला १९८१ उजाडले. यात गैर काहीच नव्हते. कल्पना कोणाच्या मालकीची नसते. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. एलिसन यांनी कॉड यांचा निबंध स्वतःच्या नावाने छापला नव्हता. त्यातून शिकून त्यांनी एक वस्तू उभी केली. आजची उचल करणारी संकेतस्थळे काही शिकत नाहीत आणि काही उभेही करीत नाहीत. ज्ञानाच्या मुक्ततेची ग्वाही त्यांच्या तोंडी शोभत नाही.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणकाचे प्रोग्राम आणि माहितीची संकलनेही धरली आहेत. हक्कासाठी नोंदणीची गरज नाही. लेख लिहिला की हक्क निर्माण होतो. ५७ व्या कलमान्वये लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा स्वतंत्र अधिकार आहे आणि हक्क विकल्यानंतरही तो उरतो. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्यास ६३ वे कलम सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगते. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांवरील संपादकीय संस्कारांनाही, त्यांत कौशल्य व विवेक असल्यामुळे, संरक्षण दिले. न्यायालयाचा निकाल कोणीही छापावा, पण संपादकाने त्यावर घेतलेली मेहनत उचलू नये, असा त्याचा आशय. डेटाबेसची आज्ञा कोणीही वापरावी. ती समजावून सांगणारे दहा परिच्छेद मात्र लिहिणाऱ्याचे असतात.

तथापि लेखकाचे नुकसान हा या प्रकरणाचा अर्धाच भाग आहे, आणि आमच्या मते कमी महत्त्वाचा. कविता चोरीला गेली तरी वाचकाला कविताच मिळते. तंत्रलेखाचे तसे नाही. तो लिहून संपत नाही. आवृत्ती बदलली की लेखक तो सुधारतो, वाचकाने चूक दाखवली की दुरुस्त करतो, कधी माथ्यावर 'हा उपाय आता वापरू नये' अशी सूचना लावतो. प्रत मात्र उचलली त्या दिवशी जिथे होती तिथेच राहते.

याचे एक उदाहरण आपल्या लिपीशी निगडित आहे. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये मराठी मजकूर ठेवायचा तर 'यूटीएफ-८' ही मांडणी निवडा, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई आणि तो योग्यच होता. पण त्या नावाखाली तेथे जी मांडणी होती तिच्यात एका अक्षरचिन्हाला तीन बाइटांपेक्षा अधिक जागा नव्हती. देवनागरीचे काम तीन बाइटांत भागते. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडी लिपीचा समावेश झाला. तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. चार बाइटांची मांडणी मायएसक्यूएलने २०१० सालीच वेगळ्या नावाने दिली होती आणि जागरूक लेखकांनी आपले लेख त्याप्रमाणे बदलले. समजा, एखाद्या हौशी अभ्यासकाने मोडी कागदपत्रांची सूची करताना जुन्या लेखाच्या प्रतीवर विसंबून जुनीच मांडणी निवडली. नियम शिथिल ठेवलेल्या जुन्या यंत्रणेत पहिले मोडी अक्षर येताच तेथून पुढचा मजकूर कापला जाईल, आणि इशाऱ्याची एक ओळ कोपऱ्यात उमटेल. ती कोण वाचतो!

दुसरे उदाहरण याहून घातक. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक बदल आधी एका विशिष्ट कप्प्यात नोंदला जातो. यंत्र मध्येच बंद पडले तर सारी भिस्त त्या नोंदींवर. या कप्प्याच्या नावाचा शेवट 'लॉग' असा होता. लॉग म्हणजे जुन्या रोजनाम्याची रद्दी, अशा समजुतीने जागा मोकळी करण्यासाठी लोक तो कप्पा पुसून टाकीत आणि डेटाबेस गमावून बसत. अखेर २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत त्याचे नावच बदलावे लागले. अशा ठिकाणी लेखातील एक वाक्य कोठारे वाचवते किंवा बुडवते. ते वाक्य चुकलेले असेल तर निदान लिहिणाऱ्याला गाठून विचारता आले पाहिजे. नाव पुसलेल्या लेखात विचारणार कोणाला? ज्याने तो छापला त्याला त्यातील एक अक्षर कळत नाही.

उपाय आहेत, पण दमछाक करणारे. लेखकाने तक्रार केल्यास मजकूर उपलब्ध करून देणाऱ्या मध्यस्थाने छत्तीस तासांत तो रोखावा, असे २०१३ चे नियम सांगतात. मात्र एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. नोकरी करून रात्री लिहिणारा माणूस तीन आठवड्यांत कोणत्या न्यायालयाची पायरी चढणार? चोर परदेशी असेल तर बर्न करार आधाराला आहे. त्याचा उपयोग प्रकाशनसंस्थांना होतो, एकट्या लेखकाला क्वचितच. गूगलने २०११ मध्ये आपल्या शोधयंत्रात फेरफार करून नकला करणाऱ्यांना खाली ढकलण्याचा प्रयत्न केला. त्याने काहीसा फरक पडला. धंदा थांबला नाही. मुळाशी जाहिरातींचे उत्पन्न आहे, आणि जाहिराती पुरवणाऱ्या कंपन्यांना आपला पैसा कोणत्या पानावर जातो हे ठाऊक नसते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

परवानगी मिळवणे अवघड असते तर एक वेळ समजून घेता आले असते. पोस्टग्रेसची सारी हस्तपुस्तके हक्काची सूचना कायम ठेवून कोणीही पुन्हा छापू शकतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. 'नाव द्या आणि वापरा' एवढीच त्यांतील साध्या परवान्याची अट. जेथे असा परवाना नाही तेथे लेखकाला एक पत्र पुरते. अध्यापनासाठी तर कायदाच हात सैल सोडतो. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील उतारे एकत्र करून देण्यास मोकळीक दिली. जाहिरातींसाठी लेख उचलणाऱ्यांनी त्या निकालाच्या आड दडू नये.

शिक्षकांच्या हाती एक गोष्ट आहे. विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत संकेतस्थळाचा नुसता पत्ता न स्वीकारता लेखकाचे नाव, लेखाची तारीख आणि डेटाबेसची आवृत्ती त्यांनी मागावी. नाव सापडत नसेल तर तो संदर्भ परत करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य साठ टक्क्यांवर गेल्यास नोंदणी रद्द होते, आणि साम्य मोजण्याचे काम यंत्राकडे सोपवलेले असते. त्या यंत्राला दोन मजकूर सारखे आहेत एवढेच कळते. मूळ कोणाचे, हे कळत नाही. ज्याचा लेख चोरीला गेला त्यानेच तो आपल्या प्रबंधात घातला, तर यंत्र त्याचे साम्य चोराच्या पानाशी दाखवील, आणि मार्गदर्शकाने मूळ लेखाची तारीख पाहिली नाही तर जाब त्या विद्यार्थ्यालाच द्यावा लागेल.