यंत्रे आली, प्रश्न कोठे आहेत?

महाविद्यालयीन शिक्षणात तंत्रज्ञानाचा उपयोग व्हावा ह्या म्हणण्याला आता कोणीही विरोध करीत नाही. १९८४ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने उपग्रहाच्या द्वारे दूरदर्शनवरून देशव्यापी वर्ग भरविला. २००४ साली खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह आकाशात सोडण्यात आला. २०१७ साली 'स्वयम्'चे पाठ संगणकावर आले. आता भिंतीवरच्या काळ्या फळ्याची जागा विजेवर चालणारे फलक घेत आहेत. एवढी साधने आल्यावर यवतमाळसारख्या जिल्ह्यातील पदवीधराच्या हाती नेमके काय पडले, हा प्रश्न विचारणे मात्र शिष्टसंमत मानले जात नाही. तो आज आम्ही विचारीत आहोत.

ह्या साऱ्या योजनांतून एकच दिशा दिसते. ज्ञान दूर कोठे तरी तयार व्हावयाचे आणि महाविद्यालयाने ते तारेतून उतरवून घ्यावयाचे! ग्रंथालयापुरते हे ठीकच आहे. शोधपत्रिका सर्वांस खुल्या व्हाव्यात म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली व सुमारे १३,००० नियतकालिके तीत आणली, हे स्तुत्य होय. पण तिचा पहिला लाभ शासकीय संस्थांना आहे; यवतमाळ, पुसद, वणी येथील बहुतेक महाविद्यालये तर खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत. शिवाय जगातील सर्व शोधपत्रिका वाचावयास मिळाल्या, तरी केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यातील अमुक विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे काय, ह्याचे उत्तर त्यांत सापडणार नाही.

ह्या भागातील भूजलात फ्लोराइड आहे ही गोष्ट जुनी आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उगमच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. त्यापुढे प्रथम मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडे ताठरतात. हे प्रमाण विहिरीगणिक, खोलीगणिक व ऋतुगणिक बदलते, म्हणून एकदा तपासणी करून निकाल कपाटात ठेवण्यात अर्थ नसतो. तेच ते नमुने वर्षानुवर्षे घ्यावे लागतात. हे काम रसायनशास्त्राच्या पदवी वर्गाला झेपणारे आहे. त्यास फ्लोराइडचा विद्युदग्र किंवा साधा वर्णमापक, स्वच्छ बाटल्या आणि नकाशावर जागा नोंदविणारा भ्रमणध्वनी एवढेच लागते. आणि हा भ्रमणध्वनी तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहेच.

दुसरे उदाहरण अधिक दुःखाचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, शेकडो रुग्णालयात गेले. फवारणीच्या औषधांपैकी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे रक्तातील कोलिनेस्टरेज ह्या विकराला निकामी करतात, आणि त्याचे प्रमाण किती उतरले ते रंगाच्या छटेवरून मोजण्याची पद्धत एल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. ती मोजणारे वर्णपटमापक यंत्र आज अनेक विज्ञान महाविद्यालयांत असते. रोगनिदान हे वैद्याचेच काम, त्यात महाविद्यालयाने हात घालू नये. परंतु फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मजुरांच्या रक्तातील मूळ प्रमाण नोंदलेले नसेल, तर पुढे ते किती घसरले हे वैद्याने तरी कशावरून सांगावे? १९८९ पासून यवतमाळास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या देखरेखीखाली व मजुरांच्या संमतीने हे काम विज्ञान महाविद्यालयांनी केले, तर विद्यार्थी जीवरसायन शिकतील आणि तालुक्याला इशारा मिळेल.

असे काही होऊ शकते ह्यास आधार आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'सितारा' ह्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने २०१६ साली राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान मान्य केले. जिल्ह्याच्या कारभारातील प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अभ्यासास घ्यावेत, ही त्यामागील कल्पना होती. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ साली सुरू झाला. यवतमाळसह पंधरा जिल्ह्यांतील सुमारे ५,००० गावे त्यात होती, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत त्यासाठी ह्याच आयआयटीने बसवून दिली. पडलेल्या पावसापैकी वाहून किती गेले, मातीने किती धरले, पिकाने किती घेतले, जमिनीत किती मुरले, हा हिशेब जमिनीचा पोत, उतार व पीक पाहून मांडावयाचा. त्याची संगणकप्रणाली फुकट मिळणाऱ्या नकाशाप्रणालीवर चालते. पुसद व यवतमाळ येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हा ताळेबंद आपल्याच गावासाठी मांडून विहिरीच्या पातळीशी ताडून पाहिला, तर स्थापत्यशास्त्राचा एक धडा त्याला आयुष्यभर पुरेल. निळोणा व चापडोह ही धरणे आटल्याने २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराचे जे हाल झाले, ते पाहिलेल्यांना अशा हिशेबाचे मोल सांगावे लागू नये.

मग अडते कोठे? पैशात अडते असे आम्हांस वाटत नाही. निदान सर्वस्वी नाही. अनुदान मिळते ते वस्तूंना. यंत्र विकत घेता येते, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. त्या यंत्राला लागणारी रसायने, गावोगाव जाण्याचे प्रवासभाडे, बिघडल्यास दुरुस्ती ह्यांचे उद्घाटन करता येत नाही! त्याहून मोठी अडचण माणसांची आहे. अध्यापकांची पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात शिकविलेल्या तासाचेच पैसे मिळतात. अशा तरुण अध्यापकाने स्वखर्चाने झरी-जामणीची विहीर गाठावी असे म्हणण्याचा अधिकार शासनास उरत नाही. जे कायम आहेत त्यांच्यावर शोधनिबंधांची संख्या दाखविण्याचा भार आहे, आणि तो तालुक्यात न जाताही दाखविता येतो.

तथापि एक दार नुकतेच उघडले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अमरावती विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पास श्रेयांक आहेत. ह्या प्रकल्पांचे काय होऊ शकते हे झेरॉक्सची दुकाने चालविणाऱ्यांस आम्हांपेक्षा अधिक ठाऊक असेल. म्हणून आमची सूचना अशी की, विद्यापीठाने विषयांची मोघम यादी न छापता जिल्हा प्रशासनाकडून दरवर्षी प्रश्न मागवावेत. भूजल, आरोग्य व कृषी खात्यांनी आपल्या नोंदी महाविद्यालयांस खुल्या कराव्यात. प्रकल्पाचे तास अध्यापकाच्या कार्यभारात धरावेत व तासिकेवरील अध्यापकास त्यांचे मानधन द्यावे. आणि निकाल ग्रामसभेपुढे मराठीत वाचून दाखविल्याखेरीज श्रेयांक देऊ नयेत. शेवटच्या अटीवर काही प्राध्यापक नाराज होतील. परंतु ज्याच्या विहिरीचे पाणी तपासले, त्याला ते कसे निघाले हे कळलेच पाहिजे.

कपाशीवरील फवारणीचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात असतो आणि महाविद्यालयांचे पहिले सत्र त्याच महिन्यांत चालू असते. तेव्हा विद्यापीठास व जिल्हाधिकाऱ्यांस जे काही ठरवावयाचे असेल, ते जूनपूर्वी ठरविले पाहिजे.