वयाची रेषा आणि दोषाचे माप

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, हा पोलिसांचा अर्ज बालन्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. अपघातानंतर काही तासांतच जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली होती. तिने उसळलेला संताप या निर्णयाने पुन्हा जागा झाला, यात नवल नाही.

या संतापात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळले आहेत. पैशाच्या बळावर काय काय विकत घेता येते, हा पहिला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ती या प्रश्नाच्या पोटातली गोष्ट. तेथे आरोपी प्रौढ आहेत आणि त्यांच्यासाठी कायदा पुरेसा आहे. सतरा वर्षांच्या मनाला त्याच्या कृत्याचा किती दोष द्यावा, हा दुसरा प्रश्न. तो मोटार किती किमतीची होती यावर अवलंबून नाही, आणि अठराव्या वाढदिवशी मध्यरात्री संपतही नाही.

कायद्याची आजची रचना मुख्यतः दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारातून घडली. त्या सहा आरोपींपैकी एक साडेसतरा वर्षांचा होता. तो तीन वर्षे सुधारगृहात राहून डिसेंबर २०१५ मध्ये सुटला. चौघे २० मार्च २०२० रोजी फासावर गेले. त्या चौघांपैकी एक जण आपण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होतो, असे शेवटपर्यंत सांगत होता आणि न्यायालयांनी ते मानले नाही. जगणे आणि मरणे यांच्यामध्ये शाळेच्या दाखल्यावरील तारखेखेरीज काही उरले नव्हते, हे कटू असले तरी खरे आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच वयाची मर्यादा खाली आणण्यास नकार दिला होता. संसदेने मात्र लोकक्षोभापुढे मान तुकवून २०१५ चा कायदा केला. सोळा ते अठरा या वयातील मुलाने निर्घृण गुन्हा केला असल्यास त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण तपासून त्याला प्रौढांच्या न्यायालयाकडे पाठविता येते. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षाच नाही, आणि किमान शिक्षा नसलेला गुन्हा या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. पुण्याच्या प्रकरणावर बोलताना हा तपशील बहुतेकांच्या गावीही नव्हता.

आता मेंदूविषयी. १९९० नंतर चुंबकीय प्रतिमा घेण्याचे तंत्र हाती आल्यावर त्याच त्याच मुलांच्या मेंदूंची वर्षानुवर्षे चित्रे घेणे शक्य झाले. अमेरिकेतील जे गीड यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी जुनी समजूत मोडली. बालपणी मेंदूची बांधणी पुरी होते असे मानले जाई. प्रत्यक्षात करडे द्रव्य वयात येण्याच्या सुमारास वाढून मग विरळ होत जाते, अनावश्यक जोडण्या छाटल्या जातात, आणि उरलेल्या तंतूंवर आवरण चढून त्यांचे काम वेगवान होते. हे काम सर्वांत शेवटी होते ते कपाळामागच्या भागात. धीर धरणे, परिणाम तोलणे, आवेग आवरणे यांच्याशी ज्याचा संबंध, नेमका तोच भाग. उलट सुखाची, थराराची ओढ लावणारी केंद्रे पौगंडातच पेटून उठलेली असतात.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांचा २००५ मधील एक प्रयोग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. किशोर, अठरा ते बावीस वर्षांचे तरुण आणि त्याहून मोठी माणसे यांना पडद्यावरची मोटार चालविण्याचा खेळ दिला. सोबती पाहात असताना किशोर आणि तरुण यांनी एकटे असतानापेक्षा अधिक धोके पत्करले; मोठ्या माणसांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. हाच स्टाइनबर्ग आणखी एक गोष्ट सांगतो. शांतपणे, वेळ घेऊन, जाणत्याशी बोलून निर्णय करायचा असेल तर सोळा वर्षांचा मुलगा प्रौढाच्या तोडीचा विचार करतो. तप्त क्षणी, मित्रांच्या घोळक्यात मात्र तो मागे पडतो, आणि हे मागे पडणे विशीच्या पलीकडेही काही काळ चालू राहते.

आपल्या कायद्यातील प्राथमिक तपासणीचा दोष या ठिकाणी उघडा पडतो. ती घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी, एका शांत खोलीत, टेबलापलीकडे बसलेल्या परक्या माणसासमोर होते. खून केल्यास काय होते, असे विचारले तर सोळा वर्षांचा मुलगा अचूक उत्तर देणारच. ते उत्तर म्हणजे थंड डोक्याची परीक्षा. ज्या रात्री सहा जण एका गाडीत होते त्या रात्रीचे माप तिने घेता येत नाही. परिणामांची जाण म्हणजे नुसता बुद्ध्यंक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हरियाणातील एका शाळकरी मुलाच्या हत्येच्या प्रकरणात बजावले, मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य आवश्यक ठरविले आणि मार्गदर्शक तत्त्वे करावयास सांगितली. तत्त्वे आली; पण तपासणीचा हा मूळ पेच तत्त्वांनी सुटणारा नाही.

तथापि विज्ञानाच्या भरवशावर किती दूर जावे, यालाही मर्यादा आहे. मेंदू पंचविसाव्या वर्षी ‘पूर्ण’ होतो हे वाक्य आता चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले आहे. वस्तुतः असा कोणताही क्षण शास्त्रज्ञांना सापडलेला नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मेंदूतील जोडण्यांच्या रचनेतले एक वळण सुमारे बत्तिसाव्या वर्षी असल्याचे दाखविले. म्हणून कोणी बत्तिशीपर्यंत माफी द्या म्हणणार आहे काय? चित्रे सरासरी सांगतात, न्यायालयासमोर उभा असतो एकटा माणूस. शिवाय हे शास्त्र दुधारी आहे. ज्या वयाला आपण ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचा हक्क दिला, त्या अठराव्या वर्षी मुलगी आपल्या मर्जीने जातीबाहेर लग्न करू म्हणाली की ‘अजून मेंदू कच्चा आहे’ हे सांगायला तिचे काका-मामा सर्वांत पुढे असतील. (आपल्या राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट पंचवीस आहे, ती मात्र कोणा मेंदूतज्ज्ञाला विचारून ठरली नसावी.) लग्नाचा आणि मताचा विचार करायला वेळ मिळतो; रस्त्यावरच्या हाणामारीत तो मिळत नाही. दोन्हींसाठी एकच वय असले पाहिजे हा आग्रहच चुकीचा.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. महाभारतातील अणीमांडव्याला न केलेल्या चोरीसाठी सुळावर चढावे लागले. लहानपणी किड्यांना टोचल्याचे हे फळ, असे यमधर्माने सांगितल्यावर ऋषी संतापला. चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा त्याने घातली आणि अपराधापेक्षा दंड मोठा केल्याबद्दल प्रत्यक्ष धर्माला विदुराचा जन्म घ्यायला लावला. अपराध घडलाच नाही, असे ऋषी म्हणत नाही. अपराध आणि दंड यांचे प्रमाण बिघडले, ही त्याची तक्रार आहे. आजच्या वादात नेमका हाच भेद हरवला आहे. दोष कमी धरणे म्हणजे निर्दोष ठरविणे नव्हे. ज्यांची मुले कल्याणीनगरला गेली त्या आईबापांना दोष उच्चारला जाण्याचा हक्क आहेच.

आणि प्रमाण बिघडले की काय होते याचे उदाहरणही पुण्यातलेच आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पौड रस्त्यावरील एका घरात सात जणांची हत्या झाली. त्यात फाशी झालेल्या एका आरोपीची शिक्षा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राजस्थानातील शाळेची नोंद ग्राह्य धरून मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. मोटारीतल्या मुलाचे वय पहिल्याच दिवशी सर्वांना ठाऊक होते. परगावाहून पोटासाठी आलेल्या मुलाचे वय पोलीस लिहितील ते. वयाच्या रेषेविषयी भांडणाऱ्यांनी ती रेषा कोणाच्या कागदावर ठळक आणि कोणाच्या कागदावर पुसट असते, हेही पाहावे.

तेव्हा रेषा खाली ओढणे हा उपाय नव्हे. अठराच्या वर एक मधला पट्टा हवा. तेथे खटला प्रौढाचाच चालावा, पण शिक्षा ठरविताना वयाचा हिशेब सक्तीचा असावा. जर्मनीने हे १९५३ मध्येच केले. अठरा ते एकवीस या वयातील आरोपीची नैतिक व मानसिक वाढ अल्पवयीनासारखी दिसली तर तेथील न्यायाधीश बालकायदा लावू शकतो, आणि तेव्हा मेंदूचे एकही चित्र उपलब्ध नव्हते. स्कॉटलंडने २०२२ पासून पंचविशीखालील आरोपींसाठी शिक्षेची वेगळी तत्त्वे अंमलात आणली आहेत.

आपल्याला तर परदेशी जाण्याचीही गरज नाही. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा केला तो सोळा ते एकवीस वर्षांच्या गुन्हेगारांना पक्क्या कैद्यांपासून दूर ठेवण्यासाठीच. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे सहावे कलम सांगते की, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकविसाखालील आरोपीला कारावासात धाडण्यापूर्वी न्यायाधीशाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तरीही तुरुंगच योग्य वाटला तर कारणे लिहून ठेवावीत. गंभीर गुन्ह्यांना या कलमाचा उपयोग नाही. तेथे नवा विचार करावा लागेल. पण चोरी, मारामारी, दुचाकी पळविणे अशा खटल्यांत रोज उभ्या राहणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना ते आजही लागू आहे. देशातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश कैदी खटला संपण्याची वाट पाहणारे आहेत. त्यांच्यातला वीस वर्षांचा मुलगा त्या अहवालाची पाळी येण्याआधीच वर्ष-दोन वर्षे सराईतांच्या बराकीत काढतो. विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात सदस्यांनी गृहखात्याला एवढेच विचारावे: गेल्या वर्षी सहाव्या कलमाखाली किती अहवाल मागविले गेले, आणि ते लिहावयास किती अधिकारी नेमलेले आहेत.